अष्टमीला उघडणारी शेड

शेडच्या दारावर पत्र्याची एक पाटी टांगलेली असायची. तेलाचा जुना डबा कापून, ठोकून सरळ केलेला पत्रा. एका बाजूला लिहिलेलं, 'आज पाणी गढूळ. घरी जा.' दुसऱ्या बाजूला, 'आज या.' महिन्यातले वीस-बावीस दिवस पहिलीच बाजू दिसायची. दुकान स्कूबा डायव्हिंग शिकवण्याचं, आणि दारावर गिऱ्हाइकाला हाकलणारी पाटी. शनिवारी सकाळच्या बोटीनं मांडव्याला उतरून, भाड्याची गाडी करून, मुरुडच्या रस्त्यानं हाडं खिळखिळी करून घेत आलेली मुंबईची माणसं त्या पाटीसमोर उभी राहून जे बोलायची ते छापण्यासारखं नाही. आणि मी बरंच काही छापलेलं आहे.

शेड चालवणाऱ्या चाचांना ते ऐकू जायचं नाही. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी उरणच्या बाजूला जहाजांच्या पोटाखाली काढली होती. कंत्राटदाराचं काम: जहाजाच्या तळाला चिकटलेली शिंपली खरवडायची, पंख्यात अडकलेले दोर कापायचे. पाणी असं काळं की स्वतःचा हात स्वतःला दिसू नये. त्या कामात त्यांचा उजवा कान कायमचा गेला. डावा शाबूत होता. समोरच्याचं बोलणं पसंत पडलं नाही की ते शांतपणे मान वळवून उजवा कान पुढे करायचे. आमच्या गावात त्याला 'चाचांनी खिडकी लावली' म्हणायचे. भर मे महिन्यात कानटोपी घालून बसलेला, गवती चहाचा काळा चहा पिणारा, पोहायला कधीच न जाणारा हा माणूस लोकांना समुद्राखाली न्यायचा. माझा बाप तर त्यांना उद्देशून म्हणायचा, "मासं पकडत न्हाय, नुसता बघतो. ह्याला काय अर्थ हाय?"

त्यांच्या भिंतीवर दोन कॅलेंडरं होती, एक पंचांगाचं आणि एक मशिदीतून मिळालेलं. दोन्हींवर महिन्यातले तेच आठ-दहा दिवस लाल पेन्सिलीनं घेरलेले. ते भांगाचे दिवस. पौर्णिमा-अमावास्येला समुद्राला उधाण असतं; पाणी जोरात चढतं, जोरात उतरतं आणि जाता-येता तळाचा सगळा चिखल ढवळून काढतं. अष्टमीच्या आसपास तो जोर मोडतो. पाणी थोडं चढतं, थोडं उतरतं, जवळजवळ उभं राहतं. हा भांग. चिखल खाली बसतो आणि आमच्या ह्या मातकट समुद्रात माणसाला दोन-तीन हात पुढचं दिसायला लागतं. आमचे कोळी मात्र भांगाला घरी बसतात, कारण त्यांच्या खुंटांना बांधलेल्या डोलजाळ्यांत मासा ढकलायला पाण्याला ओढ लागते. थोडक्यात, समुद्र दिसतो तेव्हा आमचं गाव जाळी विणत बसलेलं असतं, आणि गाव समुद्रावर जातं तेव्हा समुद्र दिसत नाही. पिढ्यान्‌पिढ्या हे असंच चाललंय आणि त्यात कुणाला काही वावगं वाटलेलं नाही. मलाही वाटलं नव्हतं.

मी त्यांच्याकडे पहिल्यांदा गेले ती भांडायला. माझं काम पत्रकं लिहिण्याचं. अलिबागला कॉलेज केलं, नोकरी शोधली नाही, गावच्या बचाव समितीची पत्रकं लिहायला लागले. डायव्हिंग हा माझ्या मते पैसेवाल्यांचा खेळ आणि तो शिकवणारा माणूस पैसेवाल्यांचा नोकर. हे मी लिहिलंसुद्धा होतं, पत्रक क्रमांक चार.

भांडण कशाचं ते सांगते. आमच्या गावाच्या किनाऱ्याला लागून काळी खडप सुरू होते. खडप म्हणजे खडकांची पसरट पट्टी. ओहोटीला तिची आतली कड उघडी पडते, तिथं आमच्या आया वाकून वाकून कालवं काढतात. बाकीची खडप पाण्याखालून आत, खोल समुद्रात जाते. एका रिसॉर्ट कंपनीला तिच्यावर भराव टाकून आपल्या पाहुण्यांच्या बोटींसाठी खासगी धक्का बांधायचा होता. कंपनीच्या अहवालात आमच्या खडपेबद्दल दोन ओळी होत्या. समुद्रतळ: चिखल. जीवसृष्टी: नगण्य. नगण्य म्हणजे मोजण्याच्या लायकीचं नाही. न मोजताच कसं कळलं? माझं डोकं त्या एका शब्दानं जे फिरलं ते महिनाभर जाग्यावर आलं नाही. जनसुनावणी व्हायची होती. मला सह्या हव्या होत्या, आणि पाण्याखालचं कळणारा माणूस पंचक्रोशीत एकच.

चाचांनी चष्मा लावून पत्रक वाचलं. पूर्ण वाचलं, असं कुणी करत नाही. 'समृद्ध सागरी जीवसृष्टीची कत्तल' ह्या ओळीवर त्यांचं बोट थांबलं.

"ही कोणी बघितली?"

मी म्हटलं, सगळ्या गावाला माहीत आहे. जाळी फाटतात म्हणून तिथून कुणी होडी नेत नाही, कालवं तिथलीच, शेवंडसारखी मोठी कोळंबी तिथूनच येते.

"माहीत हाय ते ठीक. बघितली कोणी?"

मी हातातला पत्रकांचा गठ्ठा सारखा करायला लागले.

"त्या कंपनीवाल्यानं न बघता लिहिलं, चिखल हाय. तू न बघता लिहिलंस, मासे हायेत. मी सही कोणाच्या कागदावर करू, बेटा?"

मग मी जे बोलले त्यात 'विकला गेलेला' हा शब्द होता. चाचांनी खिडकी लावली. मी दम खाण्यासाठी थांबले तेव्हा ते डावा कान पुढे करून म्हणाले, "अष्टमीला ये. टॉवेल आण. पोटभर जेवून येऊ नको." आणि माझ्या हातातला पत्रकांचा गठ्ठा मात्र त्यांनी ठेवून घेतला. मला वाटलं, वाटतील.

वाटली नाहीत. पाठकोरे कागद म्हणून वापरली.

ती कशासाठी, हे सांगायचं तर भिंतीबद्दल सांगायला हवं. शेडच्या मागच्या भिंतीवर जगातली डायव्हिंगची सगळी ठिकाणं होती. अंदमान, लक्षद्वीप, मालवण, कर्नाटकातलं नेत्राणी, मालदीव, बाली. प्रत्येक ठिकाणाखाली खिळ्याला टोचलेले कागद. त्यांच्याकडे शिकून बाहेर गेलेल्या प्रत्येकानं परत आल्यावर कळवायचं, असा नियम होता. फोटो चालत नसत. चाचांचे प्रश्न ठरलेले. पाण्यात किती हात पुढचं दिसलं? होडीवाला दुपारी काय जेवला? त्याची पोरं खाली उतरलीयत का कधी? लोक सांगतील ते चाचा माझ्या पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर लिहून भिंतीला लावायचे. त्यामुळे त्या हिवाळ्यात भिंतीवर एका बाजूला माझा संताप होता आणि दुसऱ्या बाजूला लक्षद्वीप.

स्वतः चाचा ह्यातल्या एकाही ठिकाणी गेलेले नव्हते. पण कुणी कुठं जावं हे तेच ठरवायचे. एकदा ठाण्याचं एक जोडपं आलं होतं, दोघंही कंप्युटरवाले, लग्नाला वर्ष झालेलं. मालदीव की बाली, एवढंच त्यांना विचारायचं होतं. चाचांनी आधी सुट्टीच्या तारखा विचारल्या, कॅलेंडर बघितलं, मग विचारलं, "थंड पाणी सोसतं का?" दोघं हो म्हणाले. "गर्दी?" बाई हो म्हणाली, तो नाही म्हणाला. "एकमेकांना सोसता का?" त्यावर दोघं हसले. चाचा हसले नाहीत. सकाळीच शिकवणीच्या विहिरीत त्या नवऱ्यानं बायकोचा हात सोडून वर धाव घेतली होती, ते त्यांनी बघितलं होतं. "खाली जोडीदाराचा हात सोडायचा असंल तर मालदीव कशाला? माथेरानला जा. घोडा करा, दोघांना दोन." बाईला इतकं हसू आलं की तिला बसायला लागलं. ते जोडपं पुढल्या अष्टमीला परत आलं, आणि त्या खेपेला नवऱ्यानं हात सोडला नाही. चाचांनी त्यांना फेब्रुवारीतलं मालवण सांगितलं, भांग बघून. "आपलंच हाय, जवळ हाय. तिथं भांडण झालं तर एस.टी.नं परत येता येतं."

आता विहीर. चाचांच्या शेडमागे सुपारीच्या वाडीत एक शिंपण्याची विहीर होती, पायऱ्यांची. समुद्र शिकायला आलेल्या माणसाला ते आधी त्या विहिरीच्या तळाशी बसवायचे, आणि तेही आंधळं करून. मास्कच्या काचेवर आतून काळा कागद. हातात एकामागून एक वस्तू द्यायचे: सुपारी, पितळी कुलूप, कालवाचं शिंपलं, सायकलची साखळी, दगड. ओळखून पाटीवर लिहायचं. विहिरीत बसून समुद्र शिकवणारा म्हणून गावानं त्यांची यथेच्छ टर उडवली होती. त्यांचं म्हणणं, स्वच्छ पाण्यात कोणीही बघेल. न दिसणाऱ्या पाण्यात जो घाबरत नाही त्याला जगात कुठंही पाठवा.

मला सुपारी ओळखता आली, साखळी ओळखता आली. अडचण वेगळीच होती. स्कूबाचा पहिला नियम असा की श्वास कधीही रोखायचा नाही. घेत राहायचा, सोडत राहायचा. रोखून धरलात आणि वर आलात तर फुप्फुस फाटू शकतं. आणि मी श्वास धरायचे. तळाशी बसलं की मला कंपनी आठवायची, 'नगण्य' आठवायचं, जबडा आवळला जायचा आणि बुडबुडे बंद. चाचांच्या हातात एक पाना असायचा. बुडबुडे थांबले की ते माझ्या पाठीवरच्या टाकीवर तो आपटायचे, टक-टक. पाण्याखाली तो आवाज सगळीकडून येतो, कवटीच्या आतून आल्यासारखा. टक-टक म्हणजे श्वास घे. पहिल्या दिवशी त्यांनी तो इतक्या वेळा वाजवला की वाडीतल्या बाईनं वरून ओरडून विचारलं, खाली कुणी पंप दुरुस्त करतंय का.

वर आल्यावर ते म्हणाले, "राग आला की तू श्वास धरतेस. जमिनीवर पण. मी त्या दिवशी बघितलं."

मी म्हटलं, राग येण्यासारखंच आहे सगळं.

"येऊ दे की. रागानं मरत न्हाय माणूस. श्वास धरून मरतो."

दोन महिने, अष्टमी ते अष्टमी, मी शिकले. विहिरीतून मुरुडच्या खाडीच्या तोंडाशी, तिथून किनाऱ्यालगतच्या खडकांशी. हात पुढे, डोळे नंतर. इतकं सगळं शिकून मी जी चूक केली ती आजही लिहिताना बोटं अडखळतात.

सुनावणीच्या आधी एक अधिकारी प्रत्यक्ष पाहणीला येणार, असं पत्र आलं. पाणबुड्या बरोबर आणणार, तो खाली जाऊन कॅमेऱ्यानं बघणार. तारीख गावानं सुचवावी. देवळात समितीची बैठक झाली आणि सगळ्यांनी एका तोंडानं माघी पौर्णिमा सांगितली. त्या दिवशी आमची जत्रा. एकही होडी पाण्यात जात नाही, बाहेरगावी असलेलं माणूस घरी येतं, लेकी माहेरी येतात. किनाऱ्यावर हजारभर माणूस उभं राहील, अधिकाऱ्याला गावाची ताकद दिसेल. तारीख मी स्वतः कागदावर लिहिली. मी, जी दोन महिने भिंतीवरचे लाल गोल बघत होते. चाचांना विचारलं नाही, कारण सही न केल्याचा काटा मनात होताच. समुद्राच्या पोरांनी समुद्र बघायची तारीख काढताना समुद्र सोडून सगळ्यांचा विचार केला.

चाचांनी पत्रकातून वाचलं, पुढची बाजू. एस.टी.नं आमच्या घरी आले. ओटीवर बसले, आईनं दिलेलं पाणी प्यायले आणि एवढंच म्हणाले, "पुनवेला?"

चूक मला तिथंच कळली. तरी मी भांडले. सरकारी पत्र निघालंय, आता तारीख बदलली तर कंपनी म्हणेल गाव घाबरलं.

"घाबरायला पाहिजे," चाचा म्हणाले. "कंपनीला नको. पाण्याला."

जत्रेच्या दिवशी ढोल वाजत होते, गुढ्या-पताका लावलेल्या होड्या ओळीनं किनाऱ्यावर उभ्या होत्या, आणि समोर उधाणाचा समुद्र चहासारखा उकळत होता. साहेब कंपनीनं दिलेल्या स्पीडबोटीतून आले. त्यांचा पाणबुड्या पाव तासात वर आला. कॅमेऱ्यात तपकिरी रंग होता. दुसरं काहीही नाही. हजार माणसांच्या साक्षीनं साहेबांनी लिहिलं: चिखल. कुणीतरी घोषणा दिली, तीही मीच लिहिलेली, आणि ती अर्ध्यावर विझली. बाप माझ्याकडे न बघता होडीच्या पताका काढायला लागला.

चाचा खाजाच्या दुकानापाशी उभे होते. ते मला बोलतील असं वाटलं होतं. बोलले असते तर बरं वाटलं असतं. त्यांनी खाजाची पुडी माझ्यापुढे धरली. "आठ दिवस," म्हणाले. "आठ दिवसांनी अष्टमी. सुनावणी त्याच्यानंतर हाय ना? मग तोंड गोड कर आणि बापाला विचार, होडी देतो का."

होडी रिकामीच होती, भांगच तो. बाप म्हणाला, "तिथं काय हाय बघायला? जाली फाटतात म्हणून आमी लांबनं जातो. माझ्या बापानं पन तिथं कंदी नांगर टाकला न्हाय." पण आला. खडपेची बाहेरची कड कुठं आहे हे त्याच्याइतकं कुणालाच माहीत नव्हतं, कारण आयुष्यभर त्यानं ती टाळली होती. देवळाचा कळस आणि टेकडीवरचा एकटा ताड एका रेषेत आणून त्यानं होडी उभी केली.

चाचांनी एक दोर आणला होता. दर वावेला गाठ, वाव म्हणजे दोन हात पसरल्यावर होते तेवढी लांबी. चाळीस गाठी. दोर खडपेवर आडवा टाकायचा, गाठीगाठीनं पुढे सरकायचं, प्रत्येक गाठीला थांबून हाताला काय लागतं, डोळ्याला काय दिसतं, ते पाटीवर लिहायचं. बास. कॅमेरा त्यांच्याकडे होता, पण तो गळ्यात ठेवून ते म्हणाले, आधी लिही.

खाली गेलो. अडीच हात दिसत होतं. त्याच्या पलीकडे हिरवट भिंत. पहिल्या गाठीला खडक, कालवं. दुसरीला खडक, पिवळा स्पंज, हाताला ओल्या भाकरीसारखा. चौथ्या गाठीला कपारीतून दोन लांब मिशा बाहेर आलेल्या, शेवंड. मी इतकी हरखले की गाठ सोडून पुढे गेले, आणि टक-टक. परत गाठीवर. सहाव्या, सातव्या, आठव्या गाठीला नुसता चिखल. मी तिथं काहीच लिहिलं नाही. चाचांनी पाटी ओढून घेतली, तीन वेळा 'चिखल' लिहिलं, पाटी परत दिली.

तेविसाव्या गाठीला एक तांबडं, जाळीदार झुडूप होतं, हाताएवढं. त्याच्या फांद्यांना काळ्या द्राक्षांचे घड लटकत होते. खरोखर द्राक्षंच. मी बोट लावायला गेले तर चाचांनी मनगट धरलं, आणि पाटीवर लिहिलं: माकूल. अंडी. माझा बाप माकूल, ती शाई सोडणारी मासळी, विकून मोठा झाला, त्यावर मी शिकले, आणि ती जन्माला कुठं येते हे आमच्या घरात कुणालाच ठाऊक नव्हतं. मी त्या घडांकडे बघत राहिले. टाकीवर पाना वाजला नाही. बुडबुडे चालू होते.

सुनावणीला माझ्या आधी अकरा माणसं बोलली, सगळी ओरडून. मी चाळीस गाठींचं कोष्टक वाचलं. सत्तावीस गाठी खडक, तेरा गाठी चिखल. मागून समितीतला एक काका कुजबुजला, "चिखल कशाला सांगतेस, येडे?" साहेब मात्र तिथंच पहिल्यांदा मान वर करून बघायला लागले. गाव स्वतः होऊन चिखल सांगतंय, हे त्यांना नवीन असावं.

"हे कोणी बघितलं?" त्यांनी विचारलं.

"मी."

"मग आम्हाला का नाही दिसलं?"

मी उधाण आणि भांग समजावला, आणि तारीख चुकली ती माझी, हेही सांगितलं. चाचांनी खिडकी न लावता ऐकलं. कंपनीचा वकील हसला. साहेब हसले नाहीत. त्यांनी समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर मागवून घेतलं आणि दुसऱ्या पाहणीला फाल्गुनातली अष्टमी दिली. सरकारी कागदावर कुणाला सोयीची म्हणून नाही, पाण्याला सोयीची म्हणून आलेली ती मी बघितलेली पहिली तारीख.

धक्का अजून झालेला नाही. होणारच नाही असं मी लिहीत नाही, कारण ते मी बघितलेलं नाही. चाचा मात्र आता इथं नाहीत. त्या पावसाळ्यानंतर त्यांनी एक दिवस जाहीर केलं की आपण डायव्हिंगला बाहेर जाणार. त्यांच्या शिष्यांत एकच गोंधळ उडाला. कुणी लक्षद्वीपची परवानगी काढून देतो म्हणालं, ठाण्याच्या जोडप्यानं अंदमानची तिकिटं देऊ केली. आयुष्यभर ज्याला पाण्यात स्वतःचा हात दिसला नाही त्या माणसानं एकदा तरी काचेसारखं पाणी बघावं असं सगळ्यांना वाटत होतं. चाचांनी सगळ्यांचं डाव्या कानानं ऐकलं, आणि उरणला गेले.

तिकडच्या एका कोळीवाड्याचं बोलावणं आलं होतं. त्यांच्याही समोरच्या पाण्याबद्दल कुणीतरी कागदावर 'चिखल' लिहिलं होतं. मी एस.टी.वर पोचवायला गेले तेव्हा रडकुंडीला येऊन म्हटलं, चाचा, तिथं तर काहीच दिसत नाही, भांगालासुद्धा.

"म्हणून तर," ते म्हणाले. "दिसतं तिथं सगळेच जातात." दोर त्यांच्या पिशवीत होता. गाठी नव्यानं घट्ट केलेल्या. शेडची चावी त्यांनी माझ्या हातात दिली आणि पाटी रोज बघून फिरवायला सांगितलं. मी फिरवते. शनिवारची माणसं आता मला शिव्या देतात. त्या कोळीवाड्यातून अधूनमधून त्यांचा कागद येतो, अजूनही कुठल्या तरी पत्रकाच्या पाठकोऱ्या बाजूवर. मागच्या कागदात लिहिलं होतं की तिथल्या विहिरीत आता नऊ जण बसतात, त्यात चार बायका, आणि एक गाठ अशी सापडलीय जिथं चिखल नाही.

पण चाचा म्हटलं की मला दिसते ती फाल्गुनातली अष्टमी. बापाच्या होडीत चाचा, मी आणि साहेब. पाणी तेल ओतल्यासारखं उभं. दोर आदल्या दिवशीच खडपेवर टाकलेला, त्याच्या दोन्ही टोकांना डबे तरंगत होते. साहेबांचा तोच पाणबुड्या, मुंबईचा धिप्पाड गडी, चकचकीत सामान, खाली गेला होता. जाण्याआधी म्हणाला, "साहेब, मागच्या वेळी बघितलंय मी. काय नाय खाली." मला रात्रभर एकच धास्ती होती. पंधरा दिवस झाले होते. अंडी फुटून पिल्लं निघून गेली असली तर? मी चाचांना विचारलं होतं. ते म्हणाले होते, "गेली असली तर चांगलंच झालं की त्यांचं. तू गाठी मोज."

बुडबुडे दोराच्या कडेनं सरकत होते. चाचा ते बघत होते, बाप कळस आणि ताड बघत होता, साहेब घड्याळ. सहा, सात, आठ, तिथं चिखल. बुडबुडे भरभर पुढे गेले. बारा. अठरा. मग एका जागी थांबले. मी डब्यापासून अंतर मोजलं. तेवीस असावी. बुडबुडे तिथंच येत राहिले. साहेबांनी विचारलं, अडकला की काय. चाचांनी मान हलवली, नाही.

बऱ्याच वेळानं तो वर आला. होडीच्या कडेला धरून त्यानं तोंडातली नळी काढली. साहेबांनी पेन उघडलं.

"चिखलच ना?"

त्यानं साहेबांकडे बघितलंच नाही. "चाचा," तो म्हणाला, "ती काळी द्राक्षं कसली हायेत? आत कायतरी हलतंय."

बापानं ताडावरची नजर काढून पाण्याकडे बघितलं. साहेबांचं पेन कागदावर तसंच होतं. त्यांनी चाचांकडे वळून विचारलं, हा काय म्हणतोय? चाचांनी शांतपणे मान फिरवली आणि उजवा कान साहेबांपुढे केला. खिडकी लावली. म्हणजे सांगायचं मी होतं.

मी तोंड उघडलं आणि शब्दच फुटेना. इतके महिने, इतकी पत्रकं, आणि शब्द फुटेना.

टक-टक.

चाचांनी पाना शेजारच्या रिकाम्या टाकीवर वाजवला होता. साहेब दचकले, बाप दचकला, पाण्यातला गडी इकडेतिकडे बघायला लागला. तो आवाज कशासाठी हे त्या होडीत मला एकटीलाच कळलं. मी श्वास सोडला, नवा घेतला, आणि सांगायला लागले.